एक कोठी, अनेक वाटा

घरबसल्या मागविलेली वस्तु दारीं येईपर्यंत कोठकोठें हिंडते, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आम्हीही केला नव्हता. गेल्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या बंधूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागविल्या. विकणारा पुण्याचा, आम्हीही पुण्याचेच. अंतर फार तर दोन कोस. परंतु तें पुडकें आधीं भिवंडीस गेलें, वाट पाण्याखालीं गेल्यामुळें तेथें तीन दिवस अडकलें आणि मग बोरघाट चढून परत पुण्यास आलें! आमचा संताप पाहून धाकट्या सूनबाई, ज्या मालवाहतुकीच्या एका कचेरींत कामास आहेत, म्हणाल्या, "मामंजी, यांत गणित आहे," आणि त्यांनीं कागदावर दहा टिंबें काढलीं.

दहा गांवें समजा. प्रत्येक गांव दुसऱ्या प्रत्येकाशीं थेट जोडावयाचें तर ४५ वाटा लागतात व बहुतेक गाड्या अर्ध्या रित्या धांवतात. तोच माल मध्यें एका नाक्यावर आणून, निवडून, गांववार पाठविला तर १० वाटा पुरतात आणि गाड्या भरून जातात. गांवें २५ झालीं तर थेट वाटा ३०० होतात. नाक्याच्या मात्र २५ च.

अमेरिकेंत फेडरल एक्सप्रेस कंपनीनें १९७३ च्या एप्रिलांत हाच मार्ग धरला. पहिल्या रात्रीं १४ विमानांनीं २५ शहरांकरितां १८६ पुडकीं नेलीं; मेम्फिस हा त्यांचा मध्यवर्ती नाका. शेजारच्या शहरास जावयाचें पुडकेंही आधीं तेथेंच उतरे.

साठ्याचीही हीच गोष्ट. आपल्या देशांत परराज्यांतील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर पडे. तो चुकविण्यासाठीं कंपन्या राज्योराज्यीं आपल्या वखारी ठेवीत व तेथून माल विकीत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि तें कारण उरलें नाहीं. अनेकांनीं लहान वखारी मोडून थोड्या पण मोठ्या उभारल्या. मुंबईजवळ, हमरस्त्यावर वसलेल्या भिवंडीस त्याचा मोठा लाभ झाला.

एकत्र कुटुंबास हें सांगावयास नकोच. चार भाऊ वेगळे राहिले तर अवचित पाहुण्यासाठीं चौघे मिळून चार पायल्या तांदूळ राखून ठेवतील. एका चुलीवर दोन पायल्या पुरतात, कारण चौघांचे पाहुणे एकाच दिवशीं येत नाहींत. वखारींतल्या जादा शिलकीचें गणित थेट असेंच आहे.

परंतु ती एक चूल विझली कीं सारेंच घर उपाशी! माल वांचतो, भाडें वांचतें. धोका मात्र एके ठिकाणीं गोळा होतो. त्या तीन दिवसांत आमच्या बंधूंस कोपऱ्यावरच्या लहानशा औषधाच्या दुकानानें तारलें. त्याच्या गोळ्या चार पैसे महाग म्हणूनच आम्हीं दूरची वाट धरली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां आमच्या घरीं आतां नियम झाला आहे: पुस्तक, भांडें, कापड खुशाल दूरच्या कोठींतून यावें, औषध मात्र पंधरा दिवसांचें घरांत शिल्लक असावें, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाशीं आपला व्यवहार तुटूं देऊं नये.