चपट्या डब्याचा ताप

टीव्हीखालच्या कपाटात मावेल असा चपटा कॉम्प्युटर हल्ली बऱ्याच घरांत आला आहे. मुलांचा अभ्यास, अब्बूंचा हिशेब, सगळं त्यावरच. उन्हाळा लागला की तो रखडतो, पंखा घोंगावतो आणि दुकानदार म्हणतो, “प्रोसेसर कमी पडतोय, नवा घ्या.” आमचं म्हणणं, पैसे काढण्याआधी डबा उघडून पाहा. प्रोसेसर पुष्कळदा कमी पडत नसतो, तापलेला असतो. १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग घटवतो. चालती वस्तू टाकून नवी आणणं हा इस्राफच.

मोठ्या कॅबिनेटमध्ये दीडशे मिलिमीटरहून उंच कूलर बसतो. चपट्या डब्यात नॉक्टुआच्या एनएच-एल९सारखा ३७ मिलिमीटरचा. त्यात इंटेलच्या कोअर आय५-१२४००वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो मूळ वेगाचा आकडा. जोर लावला की तोच ११७ वॅटपर्यंत खातो, हे विकताना सहसा कुणी सांगत नाही.

उपाय फुकटचा आहे. बायोसमध्ये सोय असेल तर विजेची मर्यादा ६५ वॅटवरच अडकवायची. एएमडीत याला इको मोड म्हणतात. वेग फारसा जात नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि उष्णता वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाने.

फजरनंतर घर थंड आणि शांत असतं. तेव्हा कॉम्प्युटर काही काम न देता नुसता चालू ठेवून ऐका. तरीही पंखा ओरडत असेल तर धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची पेस्ट सुकली आहे. वायर काढा, पाती बोटाने धरून ब्रशने धूळ झाडा. जुनी पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढीच लावा. जाळीवर हौसेने घातलेलं विणकामाचं कव्हरही काढा (अम्मी रागावतील, पण काढा).

एएमडीचा एएम४ सॉकेट असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.