तापीकाठी तंबू टाकायचे, पण सातबारा कोणाचा?

शिंदखेडा : थंडी पडली की मोबाईलवर पवना धरणाचे व्हिडिओ सुरू होतात. पाण्याला लागून रंगीत तंबू, मधे शेकोटी, एका बाजूला गाणी. ते बघून तालुक्यातल्या तरुण पोरांच्या डोक्यात एकच येतं. आपल्याकडे तापी आहे, सुलवाडे बॅरेजचं पाणी आहे, मालपूरचं अमरावती धरण आहे. मग आपण का नाही?

विचार चुकीचा नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांचा प्रश्नही चुकीचा नाही : पैसा कोनले भेटी?

आधी पवनेचंच बघू. हे धरण पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात. पाणी जातं पिंपरी-चिंचवडला. धरणात जमिनी गेलेल्या कित्येक कुटुंबांचा बदली जमिनीसाठीचा लढा पन्नास वर्षं चालला. 9 ऑगस्ट 2011 ला याच पाण्याच्या बंद पाइपलाइनविरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. आज त्याच पाण्याकाठी शहरातला माणूस रात्रीचे हजार-दीड हजार मोजून झोपतो. ज्यांनी स्वतःच्या उरलेल्या तुकड्यावर स्वतः तंबू टाकले, त्यांच्या हातात पैसा राहिला. ज्यांनी जागा भाड्याने देऊन टाकली, त्यांना भाडं मिळालं आणि बाकीचं बुकिंग घेणाऱ्याकडे गेलं. तंबूच्या धंद्यात खरी किल्ली तंबू नाही, बुकिंगचा फोन कोणाच्या खिशात वाजतो ती आहे.

एवढं लांब कशाला जायचं? दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालं, तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. तिथल्या दत्ताच्या यात्रेत आणि घोडेबाजारात शासनाने चेतक फेस्टिव्हल सुरू केला, तापीकाठी तंबूंचं गावच उभं केलं. अहमदाबादच्या एका कंपनीला दिलेला 321 कोटींचा ठेका राज्य सरकारने 2019 च्या अखेरीस आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन रद्द केला. घोडेबाजार त्या ठेक्याच्या आधीही भरत होता, नंतरही भरतो. घोडेवाले आपले साधे पाल ठोकून राहतातच. एवढ्या कोटींत काठावरच्या गावांच्या हाताला कायमचं काय लागलं, हे ज्याने त्याने पुलावर उभं राहून बघावं.

आता आपल्या काठाचं. पाण्याला लागून दिसणारी मोकळी जमीन गावाची वाटते, पण बहुतेक ठिकाणी ती संपादित झालेली असते, म्हणजे जलसंपदा विभागाची. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन एका हंगामासाठी भाडेपट्ट्याने मिळते, प्रकल्पग्रस्ताला पहिला मान असतो. पण ती पिकासाठी. तिच्यावर तंबू ठोकला आणि उद्या नोटीस आली तर वाद घालायला जागा नाही. म्हणून पहिलं काम तलाठ्याकडे : सातबारा, नकाशा आणि संपादनाची हद्द.

स्वतःची शेती काठाजवळ असेल तर रस्ता सोपा आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. किमान एक एकर शेती लागते, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. त्यासाठी पाण्याच्या अगदी कडेला असायची गरजही नाही. दोन शेतं अलीकडे, निंबाखाली, उलट बरं.

कारण तापी शांत दिसते, तशी नेहमी नसते. वर भुसावळजवळ हतनूरला 41 दरवाजे आहेत. तिकडे सातपुड्यात पाऊस झाला की इकडे ढग नसतानाही पाणी चढतं, मग सुलवाडे, सारंगखेड्याचे दरवाजे उघडतात. काठावरच्या माणसाला हे माहीत आहे, पुण्या-नाशिकच्या पाहुण्याला नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पर्यटनस्थळांवर बंदी आदेश निघाले, आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्या भजी-मक्यावाल्यांचाही धंदा बसला. एक अपघात सगळ्या गावाचा हंगाम खातो. पावसाळ्यात तंबू नाही, पाण्यात उतरणं नाही, दारू नाही. हे तीन नियम पाहुण्याला पैसे घ्यायच्या आधी सांगायचे.

बाकी तयारीत सगळ्यात मोठी गोष्ट संडासाची. तंबू सुंदर आणि बाईमाणसाला अंधारात शेतात जायला लावलं, तर ते कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही. दोन पक्के संडास, प्यायचं स्वच्छ पाणी, रात्रभर एक दिवा, जागा राहणारा एक माणूस. बिबट्याची चर्चा तर काठावर असतेच, म्हणून उष्टं-खरकटं तंबूजवळ ठेवायचं नाही. जवळचं सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते गाडी काढून मोजून ठेवलेलं बरं.

हिशोब साधा आहे. माणशी 1200 रुपये धरा, शनिवारी 20 माणसं आली तर 24 हजार. किराणा, सरपण, मजुरी, तंबूची झीज काढून निम्मे उरले तरी कपाशीच्या भावाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा बरं. पण हेही खरं की असे शनिवार वर्षात मोजकेच. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच आपल्याकडे पाहुणा टिकतो. पुढे खान्देशचं ऊन तंबूत माणूस शिजवतं. कर्ज काढून 50 तंबू घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. 5 तंबू भाड्याने आणून एक हंगाम बघणं शहाणपणाचं.

आणि विकायचं काय? पवनेला मिळतं तेच बार्बेक्यू इथे कोणी खायला येणार नाही. आपल्याकडे शेतातली भरीत पार्टी पिढ्यान् पिढ्या चालते. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकर, ठेचा, खापरावरची पुरणपोळी. त्यासाठी बाहेरचा स्वयंपाकी लागत नाही, बचत गटातल्या बाया हे रोज करतात. फक्त त्यांची मजुरी आधी ठरवायची आणि जेवणाचे पैसे थेट गटाच्या खात्यात टाकायचे.

बाहेरचा कोणी एकरकमी भाड्याचा करार घेऊन आला तर सही करण्याआधी कागद ग्रामसभेत वाचून घ्यावा. किती वर्षांचा आहे, कचरा कोण उचलणार, अपघात झाला तर जबाबदार कोण, बुकिंगचा नंबर कोणाचा. जामफळच्या जलाशयामुळे सोनगीरकडे नवा किनारा तयार होतोय. तिथेही जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्याच, आणि तिथेही भाड्याने जागा मागणारे येतील.