कार्डावर गरीब नाही, घरात मात्र तंगी

‘कार्ड केशरी आहे, पण शिक्का नाही.’ रेशन दुकानावरचं हे वाक्य शहाडकरांना नवीन नाही. शिक्का म्हणजे प्राधान्य कुटुंबाचा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली तो हवा असेल, तर महाराष्ट्रात शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. महिन्याला पाच हजारही नाहीत. उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स शिवणारा माणूस एवढ्यात भाडं भरून पोरं कशी सांभाळणार? खरं उत्पन्न लिहिलं की तो सरकारदरबारी गरीब उरतच नाही. वर राज्याच्या शहरी भागासाठी ४५.३४ टक्क्यांची मर्यादा आहे, तीही २०११ च्या जनगणनेवर.

आता आपले शब्द बघा. ‘गरीब’ हा मूळ अरबी शब्द, आणि अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी. गाव सोडून शहाड-आंबिवलीत खोली घेतलेल्यांना तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. ‘फकीर’ म्हटलं की मराठीत झोळीवाला डोळ्यासमोर येतो. पण जकातीच्या हकदारांमध्ये कुरआन (सूरह तौबा, आयत ६०) ज्या फकीर आणि मिस्कीनांची नावं सर्वांत आधी घेतो, त्यांच्या हातात झोळी असेलच असं नाही. दोघांत जास्त हलाखीत कोण, यावर इमामांचंही एकमत नाही. हनफी म्हणतात मिस्कीन, शाफई म्हणतात फकीर. कल्याणच्या कोकणी घरांत आणि शेजारच्या उत्तर भारतीय घरांत म्हणूनच उत्तर वेगळं मिळेल.

हनफी मसल्यात जकात घेणारा ठरवताना पगार किती, हा मुख्य प्रश्न नसतो. गरजा आणि कर्ज वजा करून साडेबावन्न तोळे चांदीइतकं काही उरतं का, हे पाहतात. पंधरा हजार कमावणारा, पण दवाखान्याच्या उधारीत बुडालेला माणूस इथे हकदार ठरू शकतो. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत तर मागत नाहीत म्हणून खाऊनपिऊन सुखी समजले जाणारे लोक आहेत. आपण त्यांना सफेदपोश म्हणतो.

मग रमजानमध्ये अर्जासोबत रेशन कार्डाची झेरॉक्स मागून रंग कशाला बघायचा? ५९ हजारांचा आकडा सरकारने धान्यासाठी ठरवलाय, जकातीसाठी नाही. खोलीचं भाडं किती, उधारी कुणाकुणाची, हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. आणि तेही चारचौघांत नको.