घोट्याची जखम आणि उपचारांची दिरंगाई
पायांतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमधील झडपा निकामी झाल्या, की रक्त खाली साचते, घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि अखेर तेथे चिघळणारी जखम होते; वाहतूक पोलीस, शिक्षक अशा तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना हा त्रास विशेष जाणवतो. अशी शीर ओढून काढण्याऐवजी आता ती लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतूनच बंद करता येते. ब्रिटनमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबपट्टीसोबत हा उपचार लवकर मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, तर उपचार लांबवलेल्यांना त्यासाठी ८२ दिवस लागले. केवळ मलमपट्टीत महिने घालवणे म्हणूनच अक्षम्य असून, रक्तप्रवाहाची दिशा दाखवणारी डॉप्लर तपासणी व ही शस्त्रक्रिया प्रत्येक जिल्हा रुग्णालयात उपलब्ध व्हायलाच हवी.