आपला भाडेकरू मंत्री होता

पोस्ट लांब आहे. काट्यावर ट्रॅक्टर लावून नंबराची वाट बघत असाल तर आरामात वाचून होईल.

परवा चौफुल्यावर चहा पिताना एका सभासदानं विचारलं, "ते निराणी म्हणजे नक्की कोण हो? कंपनीचं नाव आहे का माणसाचं?" प्रश्न विचारणाऱ्याचे वडील भीमा पाटसचे जुने शेअरधारक. बाजूला बसलेल्या चौघांनाही धड सांगता येईना. एकजण म्हणाला, कर्नाटकातली पार्टी आहे, लय मोठी. आपलं ज्ञान इथंच संपलं. दोन एकर रान खंडानं द्यायचं म्हटलं तरी आपण समोरच्याच्या आजोळापर्यंत चौकशी करतो. आणि तालुक्याचा कारखाना २५ वर्षांसाठी भाड्यानं गेला, तो ज्याच्याकडं गेला त्याचं नाव माणसाचं की कंपनीचं हे माहीत नाही!

तर ऐका. मुरुगेश निराणी. जिल्हा बागलकोट, गाव मुधोळकडचं. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान, त्या प्रसिद्ध शिकारी कुत्र्यांचं. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, इंजिनिअर झाला, साखरेच्या धंद्यात लहानातून सुरुवात केली आणि निराणी शुगर्स उभी केली. पुढं इथेनॉल, वीज, असं वाढत वाढत एमआरएन उद्योगसमूह झाला. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडच्या किती तरी साखरसम्राटांना बापाच्या खुर्चीवर बसूनही एवढं जमलेलं नाही.

आता दुसरी बाजू. २००४ ला हेच निराणी भाजपकडून बिळगी मतदारसंघाचे आमदार झाले. २००८ ला येडियुरप्पांचं सरकार आलं आणि हे थेट उद्योगमंत्री. म्हणजे कारखानदारांना जमीन, पाणी, परवाना देणाऱ्या खात्याच्या खुर्चीवर कारखानदारच. २०१३ ला पडले, २०१८ ला परत निवडून आले. जानेवारी २०२० मध्ये हरिहरच्या मेळाव्यात पंचमसाली समाजाच्या स्वामीजींनी भर व्यासपीठावर येडियुरप्पांना सांगितलं की निराणींना मंत्री करा, नाहीतर समाज पाठ फिरवेल. मुख्यमंत्री भडकून उठले आणि निघायला लागले. तो व्हिडिओ तेव्हा देशभर फिरला होता. पण मागणी वाया गेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये निराणी खाण व भूविज्ञान मंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोम्मईंच्या सरकारात पुन्हा मोठ्या व मध्यम उद्योगांचे मंत्री. मे २०२३ ला बिळगीच्या मतदारांनी पुन्हा घरी बसवलं.

आता या तारखांमध्ये साखर घाला. २०२० मध्ये मंड्या जिल्ह्यातला बंद पडलेला पांडवपुरा सहकारी साखर कारखाना निराणी शुगर्सला ४० वर्षांसाठी भाड्यानं मिळाला. तेव्हा सरकार त्यांच्याच पक्षाचं आणि ते सत्ताधारी आमदार. २०२२ मध्ये आपला पाटसचा भीमा सहकारी त्यांच्या समूहाकडं आला. तेव्हा ते शेजारच्या राज्याचे उद्योगमंत्री होते. आणि २०२५ मध्ये त्यांच्या कुटुंबाची ट्रुअल्ट बायोएनर्जी ही इथेनॉल कंपनी शेअर बाजारात उतरली.

यात बेकायदा काय? बेकायदा आहे असं मी म्हणतच नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे, की एवढं सगळं कायद्यात बसतं.

मंत्र्यांसाठी केंद्र सरकारची एक आचारसंहिता आहे, राज्यांच्या मंत्र्यांनाही ती लागू धरतात. मंत्री होण्याआधी आपली मालमत्ता आणि धंदे मुख्यमंत्र्यांना कळवायचे. धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हायचं, मालकी मात्र ठेवली तरी चालते. आणि कारभार द्यायचा कुणाकडं? आधीपासून त्या धंद्यात असलेल्या घरातल्या सज्ञान माणसाकडं, फक्त नवरा किंवा बायको नको. म्हणजे पोराकडं द्या, भावाकडं द्या, पुतण्याकडं द्या. रात्री जेवायला सगळे एकाच पंगतीला. याला बाजूला होणं म्हणतात! दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मालमत्तेचा तपशील द्यायचा, तोही मुख्यमंत्र्यांना. तुम्हा-आम्हाला नाही. आणि नाही पाळली ही संहिता तर? तर काही नाही. तो कायदा नाहीच, चांगल्या वागणुकीचा तक्ता आहे, शाळेच्या भिंतीवर असतो तसला.

त्यातली सगळ्यात मोठी फट आपल्या वाट्याला आली. संहितेचा सगळा रोख मंत्र्याच्या स्वतःच्या सरकारवर. आपल्याच सरकारला माल विकू नका, आपल्याच सरकारच्या परवान्यावर धंदा असेल तर त्यातला हिस्सा सोडा. कर्नाटकचा मंत्री महाराष्ट्रातला सहकारी कारखाना चालवायला घेतो तेव्हा त्याला विचारणारं कोण? बेंगळुरू म्हणणार, कारखाना आमचा नाही. मुंबई म्हणणार, मंत्री आमचा नाही. दोन्हीकडं तेव्हा सरकारात पक्ष एकच, तो भाग सोडून देऊ.

आणि हे फक्त कर्नाटकवाल्यांचं आहे असं समजू नका. आपले आरोग्यमंत्री राहिलेले तानाजी सावंत यांच्या भैरवनाथ शुगरकडं धाराशिवचा तेरणा सहकारी भाड्यानं गेलाच की. शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा राहिलेला कारखाना कर्जात बुडतो, मग चालवायला येतो तो मंत्री नाहीतर मंत्र्याचा पाहुणा. बाकी कुणाला बँक दारात उभं करत नाही.

जगात दुसरीकडं काय चालतं? दक्षिण आफ्रिकेचे सिरिल रामफोसा बघा. खाणकामगारांचे पुढारी, मग मोठे उद्योगपती, २०१४ ला देशाचे उपाध्यक्ष. तेव्हा त्यांनी आपल्या शांडुका कंपनीतला हिस्सा सोडला, कारण तिथं लोक विचारतात आणि त्यासाठी १९९८ पासून कायदा आहे. तरी म्हशींचा धंदा राहिलाच. फाला फाला नावाच्या त्यांच्या फार्मवर सोफ्यात ठेवलेले डॉलर चोरीला गेले आणि २०२२ मध्ये अध्यक्ष असताना संसदेच्या चौकशी समितीसमोर उत्तरं द्यायची वेळ आली. बहुमत होतं म्हणून महाभियोग टळला. पण विचारलं तरी गेलं. आपल्याकडं सोफ्यापर्यंत जायची गरजच नाही, कारखाना हायवेवरून दिसतो.

आता मला फोन येणार, "अहो, बंद पडलेला कारखाना चालू झाला ते बघा ना!" बघतोय. कारखाना बंद होता तेव्हा आपला ऊस घेऊन लोक कुठं कुठं फिरले ते मी पण बघितलंय. टोळी मिळंना, तोड मिळंना, शेवटी गुऱ्हाळवाला सांगेल त्या भावात ऊस गेला. तेव्हा चिमणी पेटली याचा आनंद मलाही आहे. राहुल कुलांवर संजय राऊतांनी मार्च २०२३ मध्ये ५०० कोटींचा आरोप केला, कुलांनी तो फेटाळला. ती लढाई त्यांची त्यांना लखलाभ, तिचा फड इथं कमेंटमध्ये लावू नका.

माझा मुद्दा भाड्याचा आहे. उसाचा भाव आपण एफआरपीवर मोजतो. २०२५-२६ ला सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. बरोबर. पण महाराष्ट्रात २०१३ चा ऊसदराचा कायदा आहे, त्यात साखर आणि मळी, बगॅस वगैरेंच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. इथं मेख आहे. हिशोबात मळीची किंमत येते, त्या मळीपासून झालेल्या इथेनॉलची नाही. आता साखर कारखाना चालवणारा आणि इथेनॉलवाला एकाच घरचा असेल, तर मळीचा भाव कोण ठरवणार? पाटसला तसं होतं असं मी म्हणत नाही. करारात यावर काय लिहिलंय एवढंच विचारतोय.

अजून बरंच विचारायचं आहे. वर्षाचं भाडं किती, ते टनावर की ठोक, त्यातून जुनं कर्ज किती फिटलं. कामगारांची जुनी देणी कुणाच्या डोक्यावर. नवीन मशिनरी बसवली तर २५ वर्षांनी ती आपली की ते उचलून नेणार. पंचवीस वर्षांनी म्हणजे २०४७! आज बालवाडीत असलेलं पोरगं तेव्हा ऊस घालत असेल. आणि दिवाळीची साखर? हसू नका, म्हाताऱ्या सभासदाला मालक असल्याचा तेवढाच पुरावा हातात मिळतो.

मंड्याच्या शेतकऱ्यांनी मायशुगर खासगीकडं द्यायला विरोध केला, रस्त्यावर बसले, आणि तो सरकारकडंच राहिला. आपण रस्त्यावर बसायची गरज नाही. सहकार कायद्याचं कलम ३२ आहे. सभासदाला सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक बघायचा हक्क आहे, फी भरली की नक्कल एका महिन्यात द्यावी लागते. कारखाना भाड्यानं द्यायचा ठराव त्याच इतिवृत्तात असणार. अर्ज साध्या कागदावर करा, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. अहवालाचं पुस्तक आलं की पहिल्या पानावरचे फोटो सोडा, मागचा ताळेबंद उघडा, भाड्याची रक्कम कुठं दाखवलीय ते शोधा. आणि कुणाकडं कराराची प्रत असेल तर मला पाठवा. नाव येणार नाही. पानं सगळी पाठवा मात्र, नुसतं पहिलं आणि सहीचं नको.