कोडची खिडकी उघडी हवी

बारामती-इंदापूर पट्ट्यात आज डाळिंबाच्या बागायतदाराला स्वतःचे संकेतस्थळ हवे आहे, एमआयडीसीतल्या लघुउद्योजकाला हवे आहे आणि उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यालाही हवे आहे. त्यासाठी विक्स, वेबफ्लो, वर्डप्रेसवरचे एलिमेंटॉर अशी दृश्य साधने हाताशी आहेत. चौकट उचलावी, पानावर ठेवावी, मजकूर भरावा. याच साधनांत थेट कोड लिहिण्याचीही सोय, म्हणजे कोडची खिडकी, असते. ही सोय निरुपयोगी आहे, उलट घातक आहे, असे अनेकजण ठामपणे सांगतात. मला हे मत साफ चुकीचे वाटते.

आधी त्यांचे म्हणणे नीट मांडतो. ते म्हणतात, ज्याला कोड येतो तो असले साधन वापरणार नाही आणि ज्याला येत नाही त्याला ही खिडकी उघडून काय मिळणार? दुसरे, एखादा कंस चुकला की सगळे स्थळ बंद पडते. तिसरे, आता एआय मागाल तो कोड लिहून देते, मग माणसाने शिकायचे कशाला?

पहिला मुद्दा मराठी अक्षरांसमोर टिकत नाही. या साधनांतले बरेच साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. मथळ्याच्या अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडली की रोमन अक्षरे ऐटदार दिसतात. तोच साचा देवनागरीला लावा, शिरोरेषा तुटते. ‘बारामती’चे बा, रा, म, ती असे चार तुकडे होतात. दोन ओळींतले अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीतल्या ‘इंदापूर’चा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. सरकपट्टीने एक मथळा सुधारता येईल; पण मेन्यू, बटणे, अर्जाचे रकाने यांत दडलेल्या ठिकाणी प्रत्येक वेळी सरकपट्टी पोचतेच असे नाही. ‘लेटर-स्पेसिंग शून्य’ एवढी सीएसएसची, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ सगळ्या स्थळाची शिरोरेषा सांधते.

ही ओळ लिहायला अभियंता लागत नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्याला तुटलेली शिरोरेषा लगेच खुपते. त्याला कोड ‘येतो’ असे नाही आणि अजिबात ‘येत नाही’ असेही नाही. आक्षेप घेणारे या मधल्या माणसाला मोजतच नाहीत, आणि तालुक्याच्या गावातली बहुतेक कामे त्याच्याच हातून होतात.

तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या रूपांहून वेगळे आहेत. शासनानेही 2009 साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढून अक्षरांची रूपे ठरवून दिली. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असली, की असा फॉन्ट मराठी रूप दाखवतो. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेलाही याच नोंदीवरून आवाजाची भाषा कळते. साधनात त्यासाठी सेटिंग नसेल, तर कोडच्या खिडकीखेरीज मार्ग नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. पण तो सगळ्या कोडला सारखा लागू नाही. सीएसएस चुकली तर पान बेढब दिसते, सर्व्हर कोसळत नाही. स्थळ चालवणाऱ्या पीएचपीच्या मूळ फाइलमधली चूक मात्र स्थळ बंद पाडू शकते. यावर उपायही आहेत. वर्डप्रेसने डिसेंबर 2016 मध्ये जादा सीएसएससाठी वेगळी जागा दिली. नोव्हेंबर 2017 च्या 4.9 आवृत्तीत कोड रंगवून दाखवणारे, चूक लक्षात आणून देणारे संपादन आले आणि घातक पीएचपी बदल मागे घेण्याची व्यवस्थाही आली. शिवाय फाइल-संपादन पूर्ण बंद करायची सोय आहेच. म्हणजे धोक्यावरचा इलाज मर्यादा आणि पूर्ववत करण्याची सोय हा आहे. विहिरीला कठडा बांधतात, विहीर बुजवत नाहीत.

तिसरा आक्षेप तर माझीच बाजू बळकट करतो. एआयने दिलेला कोड ठेवायचा कुठे? त्याच खिडकीत. आणि तो बरोबर आहे की नाही, हे वाचता येणाऱ्यालाच कळणार. वाचता न येणारा माणूस पूर्वी साच्यावर अवलंबून होता, आता यंत्राच्या उत्तरावर अवलंबून राहील.

मग खिडकी कशी असावी? 1997 साली संकेतस्थळे बनवण्याचे ड्रीमविव्हर हे साधन आले तेव्हाच त्याने एक तत्त्व जाहीर केले होते: हाताने लिहिलेला कोड साधनाने बिघडवायचा नाही. ती पहिली अट. दुसरी, प्रत्येक बदलाची जुनी प्रत राहावी आणि मागे जाता यावे. तिसरी, केलेले काम बाहेर नेता यावे. वेबफ्लोतून सशुल्क योजनेत कोड उतरवून घेता येतो. विक्सचे स्थळ उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. वर्डप्रेस मुक्त परवान्यात असल्याने तिथे ही अडचण येत नाही. साधन निवडताना आपल्या दुकानदाराने ‘काम बाहेर नेता येईल का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

आपल्या भागाला हे नव्याने समजावण्याची गरज नाही. ठिबकला स्वयंचलित यंत्रणा बसवणारा बागायतदारही हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह काढून टाकत नाही. यंत्र अडले की पाणी आपल्या हाताने सोडता आले पाहिजे, हे त्याला पक्के माहीत असते.

बारामतीत 1962 पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, 1972 पासून विद्या प्रतिष्ठान आहे, तिथे संगणक शिकणारी मुले आहेत. या मुलांना माझी विनंती आहे. परीक्षेपुरती काल्पनिक स्थळे बनवण्याऐवजी आपल्या गावातल्या एका बागेचे, एका नावाड्याचे, एका बचत गटाचे स्थळ उघडा. मथळ्याची शिरोरेषा तुटली असेल तर खिडकी उघडा आणि ती एक ओळ लिहा. ती का लिहिली, हे मालकाला शेजारी बसवून समजावून सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ती त्याची त्याला लिहिता येईल.