थांब, मी मीटिंगमध्ये आहे!

मागच्या शनिवारी माझा जाहीर पोपट झाला. भाचीचा चौथा वाढदिवस. ताईने फर्मान काढलं, ‘तू मीडियावाली ना, मग पोरांना गोष्ट तू सांग.’ त्यात काय एवढं? मास कॉमला व्हॉइस मॉड्युलेशन शिकलेय मी! चकचकीत चित्रांचं पुस्तक आणलं, आरशासमोर रिहर्सलही केली. दुसऱ्याच पानावर एक कार्टं फुग्यांमागे पळालं, एकीला शू लागली आणि बर्थडे गर्ल म्हणाली, ‘मावशी, वाचू नको ना. सांग.’

बोलती बंद!

गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचलंय? मुळात वकील असलेल्या या माणसाने १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्या पुस्तकातल्या मास्तरांचाही पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात असाच फज्जा उडतो. मग ते गोष्ट सांगू लागतात आणि वर्ग चिडीचूप.

मीही पुस्तक मिटलं आणि जमिनीवर मांडी घातली. आजीची चिमणी-कावळ्याची गोष्ट काढली. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो, ती दर वेळी नवं कारण सांगून त्याला थांबवते. आजी इथे आवाज चढवायची नाही, उलट अगदी खाली आणायची. पोरं पुढे सरकली, की फरशीवर खाडकन ठकठक! आणि मग गप्प. त्या गप्प बसण्यातच सगळी गंमत आहे बॉस, कारण पुढचं वाक्य पोरांचं असतं.

‘आता चिमणी काय म्हणाली असेल?’

‘मॅगी करतेय!’ ‘पासवर्ड विसरले!’ आणि आमची भाची, हात वर करून, ‘थांब, मी मीटिंगमध्ये आहे!’

पोरं खो खो हसली. दारात केकची सुरी घेऊन उभी असलेली ताई मात्र हसली नाही. वर्क फ्रॉम होमवालीला बेडरूमचं दार बाहेरून कोण वाजवतं, हे काय सांगायला हवं?

छापील गोष्ट असती, तर पान उलटून सटकले असते. इथे सगळे डोळे माझ्यावर. म्हटलं, ‘कावळा म्हणाला, बरं. पण संपते कधी तुझी मीटिंग?’

भाचीने विचार केला. ‘दहा मिनिटांनी.’ मग हळूच, ‘खरी दहा.’

रात्री साडेदहाला ताईचा फोन. ‘ऐक ना, कावळा भिजतो, मग लगेच दार वाजवतो, की मध्ये काही होतं गं? इथे एक बाई झोपत नाहीयेत.’